खोक्यात नसलेलं विमान

दिवाळीतल्या किल्ल्यावर मावळा अनेकदा बुरुजापेक्षा उंच असतो, आणि त्याने कुणाचंच काही बिघडत नाही. किल्ल्याची मजा मातीत आहे, मोजमापात नाही. पण असाही एक छंद आहे, ज्यात मावळा बुरुजाहून उंच झालेला चालत नाही. त्याचं नाव स्केल मॉडेलिंग, म्हणजे खऱ्या वस्तूची अचूक प्रमाणातली प्रतिकृती तयार करणं.

विमानांच्या प्रतिकृतींमध्ये १/७२ हे प्रमाण खूप लोकप्रिय आहे. त्याचा हिशोब सोपा आहे: सहा फूट म्हणजे एक इंच. सहा फुटी वैमानिक तुमच्या अंगठ्याच्या पेराएवढा होतो, आणि ४० फूट पंखविस्ताराचं हॉकर हरिकेन हे लढाऊ विमान जेमतेम १७ सेंटिमीटरचं. अभ्यासाच्या टेबलाच्या कोपऱ्यात सहज मावेल एवढं.

आज या हरिकेनबद्दलच बोलू. दुकानात किंवा ऑनलाइन हरिकेनचं किट शोधलंत, तर खोक्यावर बहुतेक वेळा एकच चित्र दिसेल: १९४० सालचं इंग्लंडचं आकाश आणि खाली हिरवी शेतं. त्यात चूक काही नाही. त्या लढाईत हरिकेननी स्पिटफायरपेक्षाही जास्त शत्रू-विमानं पाडली होती. पण हेच विमान पुढे आपल्याकडच्या तरुणांनीही चालवलं, इंफाळच्या डोंगरांवर आणि आराकानच्या जंगलांवर. ते विमान मात्र खोक्यात सहसा नसतं. ते आपल्यालाच घडवावं लागतं.

आधी विमान निवडा, मग कटर उचला

१९४४ मध्ये जपानी सैन्य इंफाळवर चालून आलं, तेव्हा भारतीय हवाई दलाची क्रमांक १ स्क्वाड्रन तिथे हरिकेन उडवत होती. तिचे प्रमुख होते स्क्वाड्रन लीडर अर्जन सिंग. त्यांना त्याच वर्षी डिस्टिंग्विश्ड फ्लाइंग क्रॉस मिळाला, आणि पुढे ते हवाई दलाचे मार्शल झाले. आराकानच्या बाजूला मेहर सिंग यांची क्रमांक ६ स्क्वाड्रन होती. मेहर सिंग यांना डिस्टिंग्विश्ड सर्व्हिस ऑर्डर हा सन्मान मिळाला. त्या युद्धात तो मिळवणारे ते भारतीय हवाई दलातले एकमेव अधिकारी.

या स्क्वाड्रनचं मुख्य काम टेहळणीचं होतं. झाडांच्या शेंड्यांवरून उडत जायचं, शत्रू कुठे आहे, कुठला पूल शाबूत आहे, कुठल्या वाटेवर हालचाल दिसते ते पाहायचं आणि बातमी घेऊन परतायचं. वैमानिक परतला नाही, तर बातमीही परतत नसे.

म्हणून पहिलं काम म्हणजे एक छायाचित्र शोधणं. ‘भारतीय हरिकेन’ असं सर्वसाधारण विमान कधीच नसतं. अमुक स्क्वाड्रनचं, अमुक महिन्यातलं, अमुक अक्षर रंगवलेलं एक विमान असतं. छायाचित्र मिळालं की पुढचे निम्मे प्रश्न तेच सोडवतं.

दीड मिलिमीटरची गोष्ट

सहज मिळणारं किट बहुधा हरिकेन मार्क १ चं असतं. घेताना दोन गोष्टी बघा: पंख धातूचे आणि पंखा तीन पात्यांचा. अगदी सुरुवातीच्या हरिकेनचे पंख कापडी होते आणि पंख्याला दोनच पाती होती. ते किट इथे कामाचं नाही.

आपल्याला हवं आहे मार्क २-सी. त्यात मर्लिन २० हे जास्त ताकदीचं इंजिन होतं. ते थोडं लांब असल्याने विमानाचं नाकही सुमारे ४ इंच वाढलं. आपल्या प्रमाणात ही वाढ जेमतेम दीड मिलिमीटर होते. एवढ्यासाठी कशाला खटाटोप, असं वाटेल. पण माणसाचं नाक दीड मिलिमीटरने बदललं तरी चेहरा वेगळा दिसतो. विमानाचंही तसंच आहे.

धडाचे दोन्ही अर्धे भाग आधी नुसते जुळवून पाहा. कॉकपिटच्या पुढे जिथे इंजिनाची झाकणं संपतात, त्या रेषेवर मास्किंग टेप लावा आणि टेपच्या कडेने बारीक दातांच्या करवतीने सावकाश कापा. जोर लावू नका, करवतीला तिचं काम करू द्या. मधल्या फटीत प्लास्टिक शीटचे पातळ तुकडे चिकटवा, एक रात्र वाळू द्या आणि मग सँडपेपरने घासून आकार मिळवा. बोट फिरवल्यावर सांधा लागला नाही, म्हणजे जमलं. मार्क २-सी चं तयार किट मिळालं, तर ही कापाकापी आणि तोफांचं बरंचसं काम वाचेल. पुढचं काम मात्र उरेलच.

सुईची तोफ

मार्क १ च्या पंखांत आठ मशीनगन होत्या, मार्क २-सी मध्ये २० मिलिमीटरच्या चार तोफा. त्यामुळे पंखाच्या पुढच्या कडेवरची आठ छिद्रं पुट्टीने बुजवायची आणि दोन्ही बाजूंना दोन-दोन लांब नळ्या बसवायच्या. नळीसाठी औषधांच्या दुकानातल्या नव्या इंजेक्शनच्या सुईचा तुकडा झकास चालतो. ती आतून पोकळ असल्याने तोंडाशी खरंखुरं छिद्र दिसतं. सुई कापताना डोळ्यांवर चश्मा हवाच. घरातली मुलं सोबत बसली असतील, तर सुई आणि कटर मोठ्यांच्याच हातात राहू द्या. तोफांच्या वर पंखाला आलेले छोटे फुगवटे पुट्टीच्या थेंबांनी करता येतात.

इथे छायाचित्राकडे पुन्हा बघा. वजन कमी करण्यासाठी काही विमानांतल्या चारपैकी दोन तोफा काढून टाकलेल्या दिसतात. तुमच्या विमानात दोनच असतील, तर दोनच लावा. नाकाखाली धुळीपासून इंजिन वाचवणारा मोठा फिल्टर दिसतो का, तेही पाहा. उष्ण प्रदेशांत पाठवलेल्या हरिकेनची ती ठळक ओळख आहे. प्लास्टिकचा तुकडा तासून तो करता येतो.

धडाच्या मागच्या भागावर बारीक उभ्या-आडव्या रेषा असतात. त्या पुसू नका. खऱ्या विमानात तिथे नळ्यांच्या सांगाड्यावर कापड ताणलेलं होतं. गोळी आरपार गेली, तर पुष्कळदा ठिगळ लावून विमान पुन्हा उडवता येई. किटमध्ये या रेषा फार उठावदार असतील, तर सँडपेपरचा एक हलका हात पुरतो.

कॉकपिटमध्ये आसनाचे पट्टे हवेतच. औषधांच्या गोळ्यांच्या पाकिटाची चांदी अर्ध्या मिलिमीटरच्या पट्ट्यांत कापा, रंगवा आणि चिमट्याने आसनावर टाका. रिकामी खुर्ची आणि पट्टे असलेली खुर्ची यांत मोठा फरक आहे. पट्टे दिसले की इथे कुणीतरी बसत होतं, हे जाणवतं.

लाल रंग का गेला?

आता रंग. वरून गडद हिरवा आणि मातकट तपकिरी, खालून राखाडी. ब्रशने रंगवत असाल, तर एक जाड थर देण्याऐवजी तीन पातळ थर द्या आणि मध्ये वाळायला वेळ ठेवा. खिडकी उघडी असू द्या.

यानंतर येतं या प्रतिकृतीतलं सगळ्यात महत्त्वाचं काम. किटसोबत मिळणारी ब्रिटिश गोल चिन्हं निळी-पांढरी-लाल असतात. ती तशीच लावली, तर आतापर्यंतची सगळी मेहनत वाया जाईल. जपानी विमानांवर लाल गोळा असायचा. जंगलात तोफेमागे बसलेल्या सैनिकाला डोक्यावरून जाणारं विमान एक-दोन क्षणच दिसे. त्याला लाल ठिपका दिसला, की बोट चापावर. आपल्याच माणसांच्या गोळीने आपलाच वैमानिक पडू नये, म्हणून १९४३ मध्ये या आघाडीवरच्या विमानांवरून लाल रंग काढून टाकण्यात आला. गडद निळ्या वर्तुळात फिकट निळा ठिपका, एवढंच उरलं. शेपटीवरच्या पट्ट्यातूनही लाल गेला.

तुमच्या बोटाच्या टोकावर मावणाऱ्या त्या निळ्या ठिपक्यामागे कुणाच्या तरी जिवाची काळजी आहे. तयार डेकल मिळाली नाहीत, तर टेपचे गोल मुखवटे कापून वर्तुळं रंगवा. वेळ लागतो, पण ती फार छान उतरतात.

आणखी एक सापळा आहे. या आघाडीवरच्या काही हरिकेनच्या पंखांवर आणि शेपटीवर रुंद पांढरे पट्टे दिसतात. ते फार देखणे आहेत, म्हणून लावायचा मोह होतो. पण ते १९४५ च्या सुरुवातीपासूनचे. तुमचं विमान १९४४ च्या इंफाळच्या लढाईतलं असेल, तर पट्टे नकोत.

शेवटी थोडा मळ. इंजिनाच्या धुराड्यांमागे काळसर-करडी रेघ, चाकांवर वाळलेल्या चिखलाचा रंग, आणि वैमानिक जिथे पाय ठेवून चढत असे तिथे पंखाच्या मुळाशी झिजलेला रंग. हाताशी टिकल्यांएवढाच मळ घ्या. जास्त झाला, तर युद्धात वापरलेलं विमान भंगारातलं वाटू लागेल.

शेजारी एक चिठ्ठी

दिल्लीत किंवा आसपास राहत असाल, तर पालमच्या हवाई दल संग्रहालयात एक खरं हरिकेन बघायला मिळतं. मुलांना घेऊन जा. घरी दीड मिलिमीटरसाठी भांडलेलं तेच नाक डोक्याच्या वर उभं राहिलेलं पाहिलं, की मोजमापाचा अर्थ वेगळ्याने कळतो.

विमान पूर्ण झालं, की त्याच्या शेजारी एक छोटी चिठ्ठी ठेवा. स्क्वाड्रन कुठली, ठिकाण कुठलं, साल कुठलं. त्याखाली दोन ओळी आणखी लिहा: छायाचित्रात स्पष्ट दिसलं ते काय, आणि तुम्ही अंदाजाने केलं ते काय. घरी येणारा पाहुणा आधी विमान बघेल, मग चिठ्ठी वाचेल आणि हमखास विचारेल, “इंफाळला आपली विमानं होती?”

तेव्हा त्याला बसवा, चहा टाका आणि निळ्या ठिपक्यापासून सांगायला सुरुवात करा.