छोटी रेल्वे, भाग 4 : रूळ कोणत्या मापाचे घ्यायचे?

(भागाचं संपादित शब्दांकन)

मुठा गावातल्या आमच्या पडवीत छोटी रेल्वे हळूहळू आकार घेतेय. आज एकच प्रश्न घेऊ, कारण पुढचा सगळा खर्च त्यावरच ठरतो : रूळ कोणत्या मापाचे?

आधी प्रमाण. या छंदात जगभर सगळ्यात जास्त चालतं ते एचओ, म्हणजे 1:87. खरी वस्तू 87 पट लहान करायची. कोथरूडला कै. भाऊसाहेब जोशींनी 1998 मध्ये सुरू केलेलं छोट्या रेल्वेचं संग्रहालय आहे, तेही याच प्रमाणातलं. काहीही विकत घेण्याआधी तिथे एक चक्कर माराच.

आता खरी गोम बघा. एचओचे तयार रूळ 16.5 मिलिमीटर रुंदीचे असतात. युरोप-अमेरिकेत रुळांमधलं अंतर बहुतेक ठिकाणी 1435 मिलिमीटर. त्याला 87 ने भागलं की बरोबर 16.5. पण आपलं ब्रॉडगेज 1676! भागून बघा, 19.3 येतात. म्हणजे आपला डबा त्या रुळांवर ठेवला की अंगाने धिप्पाड आणि पाय जुळवून उभा, असा दिसतो. खऱ्या मापात हा फरक 24 सेंटिमीटरचा आहे.

मग करायचं काय? तीन वाटा आहेत.

पहिली, फरक चालवून घ्यायचा. सामान तयार मिळतं, गाडी लगेच धावते. नवख्यांना मी हेच सांगेन.

दुसरी, 19.3 चे रूळ हाताने घालायचे. मग चाकं, आस, सांधे, सगळंच घरी बनवायला लागतं. चिकाटी हवी.

तिसरी वाट नॅरोगेजची, आणि आम्ही तीच धरलीय. बार्शी लाइट रेल्वे 762 मिलिमीटरची. भागिले 87, म्हणजे 8.76. आणि एन प्रमाणाचे तयार रूळ असतात 9 मिलिमीटरचे! फरक पाव मिलिमीटरचा, डोळ्याला कळतसुद्धा नाही. मोटर आणि चाकांचा खालचा भाग एनचा तयार घ्यायचा, वरचा सांगाडा आपण 1:87 मध्ये बनवायचा.

बार्शी ते आजचं कुर्डुवाडी हा तिचा पहिला टप्पा 1897 चा. तेवढाच पूर्ण करायचा म्हटला तरी चारशे मीटरच्या आसपास जागा लागेल! म्हणून आम्ही एकच स्टेशन आणि त्याचं यार्ड करतोय.

पावसाचंही बोलायला हवं. इकडचा पावसाळा म्हणजे चार महिने ओल. साधा एमडीएफ फुगतो आणि रुळांचे जोड वरखाली होतात. म्हणून खाली मरीन प्लाय, तोही दोन्ही बाजूंनी रंगवलेला. वीज रुळांतूनच इंजिनात जाते, त्यामुळे रूळ निकेल सिल्व्हरचे घ्या. पितळेवर चढणारा थर वीज अडवतो. नावात सिल्व्हर असलं तरी त्यात चांदी नसते बरं का, तांबं, निकेल आणि जस्त असतं.

एक विनंती. बार्शीची ती लाइन आता ब्रॉडगेज झालीय. पण तिच्यातून प्रवास केलेले आजी-आजोबा अजून आहेत. डब्यांचा रंग, बाकं, फलाटावरचा नळ, जे आठवेल ते त्यांच्याकडून लिहून घ्या. रूळ दुकानात मिळतील, या गोष्टी नाही मिळणार.

पुढच्या भागात सांधे. तोवर पट्टी आणि कॅल्क्युलेटर हाताशी ठेवा!