हडपसरची लस, आफ्रिकेचा भाव

लेखमाला : एकजुटीचा सौदा
लेखांक ६

घाना आणि आयव्हरी कोस्ट या दोन देशांनी २०१९ मध्ये हातमिळवणी करून कोकोच्या दर टनामागे ४०० डॉलर जादा मागितले, त्याची हकिगत गेल्या आठवड्यात पाहिली. ती विकणाऱ्यांची एकजूट होती. घेणारे एक झाले तर काय घडते, याचा दाखला पुण्यातच आहे. हडपसरच्या सिरम इन्स्टिट्यूटचा आफ्रिकेशी दोनदा मोठा संबंध आला. पहिल्या वेळी आफ्रिकेने स्वतःचा भाव मिळवला, दुसऱ्या वेळी तिला ताटकळावे लागले.

सेनेगलपासून इथिओपियापर्यंत पसरलेल्या पट्ट्यात कोरडे वारे सुटले की मेनिंजायटिसची साथ यायची. मेंदूच्या आवरणाला सूज आणणारा हा आजार काही तासांत जीव घेतो आणि वाचलेल्या मुलाला अनेकदा बहिरेपण देऊन जातो. १९९६-९७ च्या साथीत अडीच लाखांवर लोक आजारी पडले आणि सुमारे २५ हजार दगावले. जुनी लस लहान मुलांवर नीट चालत नसे आणि तिचा परिणामही फार काळ टिकत नसे. चांगली लस बनवता येत होती, पण श्रीमंत देशांत या आजाराच्या जंतूच्या अशा साथी येत नसल्यामुळे मोठ्या कंपन्यांना त्यात रस नव्हता.

२००१ मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि ‘पाथ’ या संस्थेने गेट्स फाउंडेशनच्या पैशांतून प्रकल्प हाती घेतला. तेव्हा आफ्रिकेतल्या आरोग्य अधिकाऱ्यांनी एक गोष्ट स्पष्ट सांगितली : एका डोसला ५० सेंटपेक्षा जास्त परवडणार नाही. तेव्हाच्या दराने हे जेमतेम २३-२४ रुपये होतात. लस बनवून मग किंमत लावायची, ही नेहमीची रीत इथे उलटी झाली. आधी किंमत ठरली आणि त्या किमतीत लस बनवणारा शोधला गेला. तो पुण्यात सापडला. जंतूच्या कवचातली शर्करा धनुर्वाताच्या लशीतल्या प्रथिनाला जोडायची, असे ते तंत्र होते. धनुर्वाताची लस सिरम वर्षानुवर्षे मोठ्या प्रमाणावर बनवतच होती. जोडणीचे तंत्र अमेरिकेच्या सरकारी प्रयोगशाळेतून आले, सुरुवातीचा कच्चा माल नेदरलँड्समधून आला आणि लस हडपसरला तयार झाली.

कारखानदाराने एवढ्या कमी भावात हात का घातला? मागणी मोठी आणि खात्रीची होती म्हणून. २००८ मध्ये कॅमेरूनमधल्या याउंडे इथे पट्ट्यातल्या देशांच्या आरोग्यमंत्र्यांनी ही लस आपल्या देशात आणण्याची एकत्रित ग्वाही दिली. डिसेंबर २०१० मध्ये बुर्किना फासोत मोहीम सुरू झाली. पुढे ३० कोटींहून अधिक लोकांना ‘मेनआफ्रिव्हॅक’ नावाची ही लस टोचली गेली आणि त्या जंतूच्या साथी थांबल्या.

पुणेकरांना हे गणित नवे नाही. एकट्या हमालाने व्यापाऱ्यापुढे दर मागितला तर त्याला उद्या येऊ नकोस म्हणता येते. बाबा आढावांच्या हमाल पंचायतीने हमालीचा दर सगळ्यांच्या वतीने मागितला, तेव्हा त्याला नकार देणे जड गेले. बुर्किना फासोसारख्या लहान देशाची एकट्याची मागणीही अशीच सहज बाजूला सारता आली असती. सगळा पट्टा एकाच भावावर अडून राहिला, म्हणून तो भाव मिळाला.

दुसरी वेळ २०२१ ची, कोरोनाच्या साथीतली. गरीब देशांना लशी पुरवणाऱ्या कोव्हॅक्स योजनेतून आफ्रिकेला मिळायच्या लशींचा मोठा भाग हडपसरच्या कोविशिल्डवर अवलंबून होता. मार्चअखेरीस भारतातली लाट उसळली, निर्यात थांबली आणि ती नोव्हेंबरपर्यंत सुरळीत झाली नाही. इथे माणसे ऑक्सिजनसाठी तडफडत होती. आपल्या माणसांना आधी लस देणे कोणत्याही सरकारला भागच होते. पण त्याची किंमत दूरच्या माणसांनी मोजली. वर्ष संपताना आफ्रिकेतल्या दहापैकी एकाचेही लसीकरण पूर्ण झालेले नव्हते.

तेव्हाही आफ्रिका स्वस्थ बसली नव्हती. ५५ सदस्यांच्या आफ्रिकन युनियनने खरेदीसाठी एकच गट उभा केला, आफ्रिएक्झिम बँकेने दोन अब्ज डॉलरची हमी दिली आणि जॉन्सन अँड जॉन्सनशी २२ कोटी डोसांचा करार झाला. या लशी दक्षिण आफ्रिकेत ‘अ‍ॅस्पेन’च्या कारखान्यात कुपीबंद होणार होत्या. प्रत्यक्षात तिथून भरलेल्या लाखो कुपी युरोपला गेल्याचे ऑगस्टमध्ये उघड झाले. कारखाना आफ्रिकेत होता, पण माल कुठे जाणार हे ठरवण्याचा अधिकार परक्या कंपनीकडे होता. पुढे अ‍ॅस्पेनला स्वतःच्या नावाने लस विकायचा परवाना मिळाला, पण २०२२ मध्ये तिच्याकडे एकही मागणी आली नाही. एव्हाना बाहेरून लशी येऊ लागल्या होत्या आणि ज्यांच्यासाठी ती लस होती, त्यांनीच खरेदी केली नाही.

मला यातला हा शेवटचा धडा सर्वांत महत्त्वाचा वाटतो. ऐक्य ठरावात असून भागत नाही. ते खरेदीच्या नोंदवहीत उतरावे लागते आणि संकट ओसरल्यावरही टिकावे लागते. शेजारच्या देशातली लस सुरुवातीला थोडी महाग पडली तरी ती घ्यायची तयारी लागते. एका देशाने तपासलेले औषध दुसऱ्याने पुन्हा वर्षभर अडवू नये, अशी व्यवस्था लागते. त्यासाठीच आफ्रिकन औषध संस्थेचा करार नोव्हेंबर २०२१ मध्ये अमलात आला आणि तिचे मुख्यालय रवांडाची राजधानी किगाली इथे ठरले. आपल्याला लागणाऱ्या लशींपैकी ६० टक्के लशी २०४० पर्यंत आफ्रिकेतच बनवायच्या, असे युनियनचे उद्दिष्ट आहे. आज जवळजवळ सगळ्याच बाहेरून येतात.

यात पुण्याचे नुकसान आहे का? मला तसे वाटत नाही. मेनआफ्रिव्हॅक पुण्यात बनली ती आफ्रिकेने एकमुखाने मागितली म्हणून. ऑक्सफर्डबरोबर विकसित झालेली मलेरियाची आर-२१ लसही सिरमच बनवते आणि २०२४ मध्ये आयव्हरी कोस्टमध्ये ती प्रथम नियमित लसीकरणात आली. उद्या आफ्रिका तंत्रज्ञान मागेल, भागीदारी मागेल, आपल्या भूमीवर कारखाने मागेल. ज्या शहराने स्वतः बाहेरचे तंत्र शिकून जगाला लस पुरवली, त्याने ही मागणी मोकळ्या मनाने मान्य करावी. एकाच शहरावर खंडाचे आरोग्य टांगून ठेवणे त्या खंडाच्या हिताचे नाही आणि त्या शहराच्याही नाही.

पुढील लेखांकात : आफ्रिकेची सामाईक बाजारपेठ आणि देशादेशांतले जकातनाके.