पोलराइज्ड गॉगल: चकाकी वेगळी, अतिनील किरण वेगळे

एप्रिल लागला की चौकाचौकात गॉगलवाले बसतात. जयंतीच्या आठवड्यात तर त्यांचा धंदा जोरात असतो. पांढरा शर्ट, निळा फेटा आणि डोळ्यांवर काळा गॉगल असा पोरांचा थाट असतो, आणि त्याबद्दल आमची काही तक्रार नाही. पण गेल्या वर्षी माझ्या भाच्याने एक गॉगल आणून दाखवला. तो दिवसभर मोटारसायकलवरून पार्सले पोचवतो. म्हणाला, "मामा, पोलराइज्ड आहे, पाचशेला घेतला. आता डोळ्यांना काही होणार नाही ना?" त्याच्या प्रश्नात दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत झाली होती. ती बहुतेकांची होते, दुकानदारांचीसुद्धा. म्हणून आज या पानावर तोच विषय.

उन्हाचा डोळ्यांना होणारा एक त्रास लगेच जाणवतो, तो म्हणजे चकाकीचा. पावसाची सर येऊन गेल्यावर ऊन पडते, ओला डांबरी रस्ता आरशासारखा चमकतो आणि समोरचा खड्डा दिसेनासा होतो. तलावाचे पाणी, पुढच्या गाडीची मागची काच, सिमेंटचा कोरा रस्ता, सगळ्यांवरून तिरीप येते. डोळे दिपतात, आपण ते बारीक करतो, संध्याकाळी कपाळ ठणकते.

पोलराइज्ड काच याच चकाकीसाठी असते. तिचे तत्त्व समजायला सोपे आहे. प्रकाश ही लहर आहे आणि सूर्याच्या प्रकाशात ती सर्व दिशांनी हेलकावत असते: उभी, आडवी, तिरपी. पाणी, काच, डांबर अशा सपाट पृष्ठभागावर प्रकाश तिरका पडून परावर्तित झाला की त्यात आडव्या हेलकाव्यांचा भाग फार वाढतो. आता उभे गज असलेली खिडकी डोळ्यांसमोर आणा. काठी उभी धरली तर गजांमधून आत जाते, आडवी धरली तर अडकते. पोलराइज्ड काचेतला पातळ थर असाच वागतो. आडवा प्रकाश अडतो, उभा आत येतो. त्यामुळे चकाकी जाते, पण रस्ता, पाण्यातला दगड, पुढच्या गाडीतला माणूस स्पष्ट दिसतो. साध्या काळ्या काचेने सगळेच सारखे अंधुक होते, हा दोन्हींतला फरक.

परावर्तित प्रकाशाचा हा गुण 1808 मध्ये एत्येन माल्यूस या फ्रेंच अभियंत्याच्या लक्षात आला. पॅरिसमधल्या लक्झेंबर्ग राजवाड्याच्या खिडक्यांवरून येणारा मावळतीचा प्रकाश तो एका स्फटिकातून पाहत होता. स्फटिक फिरवला तसा प्रकाश कमीजास्त झाला. पुढे 1929 मध्ये एडविन लँड या अमेरिकन तरुणाने हे काम करणारा स्वस्त पातळ पापुद्रा तयार करण्याच्या पद्धतीच्या पेटंटसाठी अर्ज केला आणि ही गोष्ट प्रयोगशाळेतून बाजारात यायचा रस्ता मोकळा झाला.

एक बारकावा सांगतो. सूर्य अगदी डोक्यावर असताना या काचेचा फायदा कमी जाणवतो. सकाळी नऊ-दहाच्या आणि दुपारी चारच्या सुमारास, ऊन तिरके असताना, तो जास्त जाणवतो. उघड्या पत्र्यावरून किंवा स्टीलवरून येणारी चकाकीही ती फारशी अडवत नाही, कारण धातूवरून परतलेला प्रकाश तसा आडवा होत नाही.

आता न जाणवणारा त्रास, आणि खरी काळजी याचीच आहे. उन्हातले अतिनील किरण दिसत नाहीत, पण वर्षानुवर्षे डोळ्यांवर पडत राहिले तर नुकसान करतात. मोतीबिंदूच्या कारणांपैकी ते एक आहेत. दुसरा आजार म्हणजे डोळ्याच्या पांढऱ्या भागावरचा पातळ पडदा नाकाच्या बाजूने बुबुळाकडे सरकत जाणे. डॉक्टर त्याला टेरिजियम म्हणतात. डोळा लाल राहतो, खुपतो, आणि पडदा पुरेसा पुढे आला की नजर जाते, मग शस्त्रक्रियेशिवाय इलाज नाही. ऊन, धूळ आणि वारा यांत राबणाऱ्यांमध्ये हा आजार जास्त आढळतो. म्हणजे शेतमजूर, गवंडी, रस्त्याच्या कामावरची माणसे, झाडूवाले, मच्छीमार. यातल्या किती जणांच्या डोळ्यांवर कधी गॉगल दिसतो? ज्याला सर्वांत जास्त गरज आहे त्यालाच तो शोभेची वस्तू वाटतो, किंवा मुकादम हसेल म्हणून तो घालत नाही.

आणि इथेच भाच्याच्या प्रश्नाचे उत्तर आहे. चकाकी अडवणे आणि अतिनील किरण अडवणे ही दोन वेगळी कामे आहेत. काच पोलराइज्ड आहे म्हणून ती अतिनील किरण अडवतेच असे नाही. उलट अतिनील किरण पूर्ण अडवणारी काच अगदी पांढरी, पारदर्शकही असू शकते. काच किती काळी आहे यावरून काहीच कळत नाही. काळी पण संरक्षण नसलेली काच तर जास्त वाईट, कारण तिच्यामागे अंधार वाटून डोळ्याची बाहुली मोठी होते आणि घातक किरणांना आत जायला जास्त वाट मिळते. लहान मुलांच्या डोळ्यातले भिंग जास्त नितळ असल्याने त्यांच्या डोळ्यांत हे किरण खोलवर पोचतात. मुलांना जत्रेतला रंगीत खेळण्यातला गॉगल उन्हात घालायला देऊ नका. त्यापेक्षा काठाची टोपी चांगली.

म्हणून गॉगल घेताना आधी 'यूव्ही 400' पाहावे, पोलराइज्ड आहे का हे त्यानंतर. पण लेबल कोणीही चिकटवू शकतो, म्हणून खात्री करून घ्यावी. चष्म्याच्या बऱ्याच दुकानांत अतिनील किरण मोजायचे छोटे यंत्र असते, तपासून मागायला लाजू नका. नोटा तपासायचा जांभळा दिवा मिळाला तर त्याचा प्रकाश काचेतून नोटेवर पाडा. नोटेवरच्या खुणा चमकल्या नाहीत तर काच बऱ्यापैकी काम करते आहे. पोलराइज्ड आहे का ते पाहायला बहुतेक मोबाइलचा पांढरा स्क्रीन पुरतो. गॉगल समोर धरून हळूहळू फिरवा, एका कोनात स्क्रीन काळा पडला पाहिजे. भाच्याचा गॉगल या परीक्षेत पास झाला. दुकानातल्या यंत्रावर मात्र नापास. पाचशे रुपयांत त्याने चकाकीपुरता इलाज विकत घेतला होता.

ज्याला चकाकीत गाडी चालवायची नाही त्याने पोलराइज्डसाठी जादा पैसे घालू नयेत, असे माझे मत आहे. यूव्ही 400 ची साधी, मोठ्या आकाराची, कडेने ऊन न येणारी काच आणि डोक्यावर काठाची टोपी एवढे शेतात किंवा साइटवर पुरेसे आहे. वाहन चालवणारे आणि पाण्यावर काम करणारे यांना मात्र पोलराइज्डचा खरा उपयोग होतो. दुचाकीवाल्यांनी एक ध्यानात ठेवावे: रस्त्यावर सांडलेले तेल आपल्याला त्याच्या चमकेवरून ओळखू येते, आणि ही काच ती चमकही कमी करते. वळणावर जपून. मोबाइलचा नकाशा काळा दिसला तर मान थोडी तिरकी करावी. अंधार पडल्यावर कोणताच गॉगल घालून गाडी चालवू नये. काचेवर 4 हा आकडा असेल तर ती इतकी गडद असते की दिवसाही वाहन चालवायला चालत नाही.

गॉगल उन्हात तापणाऱ्या डिकीत किंवा डॅशबोर्डवर ठेवू नका. उष्णतेने आतला पापुद्रा सुटतो आणि काचेवर फुगे येतात. धूळ बसली तर शर्टाने घासू नका, आधी पाण्याखाली धरा.