खुर्चीच्या आधीची वाट

गोंदिया जिल्ह्यातल्या ग्रामपंचायतींत आज निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखीव आहेत. पण बाईचं राजकारण खुर्चीपासून सुरू होत नाही, हे विदर्भाच्या कवितेने केव्हाच ओळखलं होतं. नागपूरच्या ज्योती लांजेवार यांच्या ‘आई’ या कवितेतली दलित आई अंगमेहनत करून लेकरं वाढवते आणि मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतरासाठीच्या लाँग मार्चमध्येही चालते. संसार आणि मोर्चा तिच्यासाठी दोन वेगळी जगं नाहीत. या चित्रामागे इतिहास आहे; जुलै १९४२ मध्ये नागपुरातच दलित महिलांची मोठी परिषद भरली होती. कविता कायद्याच्या आधी बोलते, हे इराणमध्येही दिसतं: तिथे स्त्रियांना मताधिकार १९६३ मध्ये मिळाला, पण फरूग फर्रुखजाद यांची फारसी कविता त्याआधीच बाईचा स्वतंत्र आवाज मांडत होती.

कोणी म्हणेल, कवितेने सत्ता मिळत नाही. निवडून आलेल्या बाईचा कारभारही पुष्कळदा नवराच पाहतो. हे खरं आहे, आणि म्हणूनच कविता हवी. कायदा जागा देतो. तिथे बोलण्याचा हक्क आपलाच आहे, ही जाणीव मात्र आतून यावी लागते. ग्रामसभेत धानाच्या बांधीसाठी पाणी किंवा रोजगार हमीची थकलेली मजुरी मागणारी बाई त्या आईचीच वारसदार आहे. तिचं म्हणणं तिच्याच नावाने इतिवृत्तात नोंदलं गेलं, तरच आरक्षणाला अर्थ येईल.