हरवलेल्या भयकथांचा शोध

भयपट किंवा भयकथा विस्मरणात गेली, म्हणजे ती सुमारच असणार असे नाही. बरेचदा कारण व्यवहाराचे असते: कोर्टकज्जा, हक्कांचा घोळ, फसलेले वितरण, संपलेली आवृत्ती. कलाकृती कशी हरवली हे कळले, की ती कुठे शोधावी याचा अंदाज बांधता येतो.

मुर्नाऊ यांचा जर्मन मूकपट 'नोस्फेरातू' (१९२२) 'ड्रॅक्युला'वरून परवानगीविना बेतलेला होता. ब्रॅम स्टोकरच्या पत्नीने दावा लावला आणि १९२५ मध्ये न्यायालयाने सगळ्या प्रती नष्ट करण्याचा आदेश दिला. परदेशी पोचलेल्या प्रतींमुळे चित्रपट तगला.

'द ओल्ड डार्क हाऊस'ची (१९३२) अडचण हक्कांची होती. 'फ्रँकेन्स्टाइन'च्या जेम्स व्हेल यांनी हा चित्रपट जे. बी. प्रीस्टली यांच्या 'बिनाइटेड' कादंबरीवरून केला. पुढे कथेचे हक्क युनिव्हर्सलच्या हातून गेले, १९६३ मध्ये दुसऱ्यांनी नवा चित्रपट काढला आणि जुना हरवला असे मानले गेले. दिग्दर्शक कर्टिस हॅरिंग्टन यांनी युनिव्हर्सलकडे पिच्छा पुरवला, तेव्हा १९६८ मध्ये कंपनीच्याच गोदामात निगेटिव्ह मिळाली.

'कार्निव्हल ऑफ सोल्स' (१९६२) वितरणात मार खाल्लेला. कॅन्सस राज्यात औद्योगिक माहितीपट करणाऱ्या हर्क हार्वी यांचा हा एकमेव कथापट. सॉल्ट लेक सिटीजवळचा सॉल्टएअर हा ओसाड करमणूक-मंडप पाहून त्यांना तो सुचला. अपघातातून वाचलेली ऑर्गनवादक मेरी एका दुकानात कपडे घालून पाहण्याच्या खोलीतून बाहेर येते, तर ती कुणाला दिसत नाही आणि तिचे बोलणे कुणाला ऐकू येत नाही. दुकान गजबजलेले, उजेड लख्ख; तरीही अंगावर काटा येतो. चित्रपट तेव्हा चालला नाही. रात्री उशिराच्या टीव्ही प्रक्षेपणांतून त्याला चाहते मिळत गेले आणि १९८९ मध्ये तो अमेरिकेत पुन्हा चित्रपटगृहांत लागला.

पुस्तकांचा माग पुस्तकांतूनच लागतो. जेन ऑस्टिनच्या 'नॉर्दँगर अ‍ॅबी'त एक मैत्रीण नायिकेला सात 'भयंकर' कादंबऱ्यांची यादी देते. ही नावे काल्पनिक असावीत, असा समज पुढे रुजला. विसाव्या शतकात मॉन्टेग्यू समर्स आणि मायकल सॅडलियर यांनी सातही कादंबऱ्या खऱ्या असल्याचे दाखवून दिले. दुर्मिळ भयसाहित्य पुन्हा छापणाऱ्या अमेरिकेतील व्हॅलनकोर्ट बुक्सने त्या पुन्हा काढल्या, 'बिनाइटेड'ही काढली.

मराठीतले ठळक उदाहरण नारायण धारप (१९२५–२००८) यांचे. शंभराहून अधिक पुस्तके लिहिणारे धारप वाचनालयांच्या वाचकांना पाठ होते. समीक्षेने मात्र त्यांना फारसे मनावर घेतले नाही. राही अनिल बर्वे यांच्या 'तुंबाड'ने (२०१८) धारपांच्या कथेतून प्रेरणा घेतली आणि नाव श्री. ना. पेंडसे यांच्या 'तुंबाडचे खोत'वरून. पहिल्या प्रदर्शनात बेताची कमाई करणारा हा चित्रपट सप्टेंबर २०२४ मध्ये पुन्हा लागला, तेव्हा त्याने आधीपेक्षा जास्त गल्ला जमवला.

शोधाच्या वाटाही यातूनच दिसतात. आवडलेल्या भयपटाच्या श्रेयनामावलीत मूळ कथेचे नाव पाहावे, त्या लेखकाची बाकीची पुस्तके मिळवावीत आणि पुनर्मुद्रण करणाऱ्या प्रकाशकांच्या सूची चाळाव्यात. मराठी भयकथेसाठी ग्रंथालयांतले जुने दिवाळी अंक पाहावेत. संग्रहात न आलेल्या कथा तिथेच सापडण्याची शक्यता जास्त.