प्रॅक्टिकलचं जर्नल: ९८१ बसवू नका, मोजलं ते लिहा

परीक्षा जवळ आली की प्रॅक्टिकलची वही पूर्ण करायची घाई सुरू होते. कर्नाटकात तिला ‘रेकॉर्ड’ म्हणतात, महाराष्ट्रात ‘जर्नल’. घाई मात्र दोन्हीकडे सारखीच. मग साध्या लंबकाच्या प्रयोगात ‘जी’ ९८१ यावा म्हणून आकडे उलटे बसवले जातात.

गंमत म्हणजे बेळगाव-गोव्यात ‘जी’ची खरी किंमत ९७८ सेंटिमीटर प्रति सेकंद वर्गाच्या आसपास आहे. पृथ्वी विषुववृत्तापाशी फुगीर आहे, शिवाय तिच्या फिरण्याचा परिणामही तिथे जास्त. म्हणून उत्तरेकडे जाल तसा ‘जी’ वाढतो. हाताने चालवलेल्या स्टॉपवॉचवर एवढा बारीक फरक कळणार नाही. ९७० ते ९९० मधलं उत्तर आलं तरी प्रयोग चांगलाच झाला.

उत्तर फारच लांब गेलं तर कारण शोधा. घड्याळ सुरू करताना ‘शून्य’ म्हणा. ‘एक’ म्हटलंत तर २० ऐवजी १९च दोलनं मोजली जातात आणि ‘जी’ १०८०च्या वर जातो. लांबीत गोळ्याची त्रिज्याही धरा. मीटरभर दोऱ्याला एक सेंटिमीटर विसरलात की उत्तर एक टक्क्याने घटतं.

रीडिंग थेट तक्त्यात पेनने लिहा. आकडा चुकला तर एकच रेघ मारा, खालचं वाचता आलं पाहिजे. शेवटी उत्तर का हललं ते दोन ओळींत लिहा. तोंडी परीक्षेत सर नेमकं तेच विचारतात, आणि स्वतः मोजलेलं असेल तरच सांगता येतं.