फॉइलचा डबा : जेवणानंतर काय?

वाढदिवस असो, बारसे असो की शाळेचे स्नेहसंमेलन, जेवण आता बहुतेक ठिकाणी पातळ ॲल्युमिनियमच्या डब्यांतून येते. जुलै २०२२ पासून एकदाच वापरायच्या अनेक प्लॅस्टिक वस्तूंवर देशभर बंदी आली, तेव्हापासून हे चकचकीत डबे अधिकच दिसू लागले. पुलाव खाऊन झाला की डबा चेंबून कचऱ्यात जातो. त्याचे आयुष्य अर्ध्या तासाचे. पण तो तयार व्हायला काय लागते ते पाहिले, तर त्याला इतक्या सहज फेकायला हात धजणार नाही.

आपण बेळगावकर या धातूच्या अगदी शेजारी राहतो. कोल्हापूर जिल्ह्यातील दुर्गमानवाडीच्या खाणीतून बॉक्साइट हा खनिज दगड निघतो आणि आपल्या गावच्या हिंडाल्कोच्या कारखान्यात त्यापासून ॲल्युमिना ही पांढरी पूड बनते. साधारण चार किलो बॉक्साइटपासून दोन किलो ॲल्युमिना आणि त्यापासून एक किलो धातू मिळतो. पुडीतून धातू वेगळा करायला वीज लागते, आणि तीही थोडीथोडकी नाही. किलोमागे सुमारे चौदा युनिट. १८८६ साली अमेरिकेत हॉल आणि फ्रान्समध्ये एरू या दोघा तरुणांनी ही विजेची पद्धत स्वतंत्रपणे शोधली. त्याआधी हा धातू फार महाग होता. उलट, जुना ॲल्युमिनियम वितळवून नवा करायला मूळच्या फक्त पाच टक्के ऊर्जा पुरते आणि धातूचा कस कमी होत नाही. एका डब्याचे वजन आठ ग्रॅम धरले, तर सव्वाशे डबे म्हणजे एक किलो. एका स्नेहसंमेलनात याच्या कितीतरी पट डबे जमतात.

म्हणून डब्याचा पुनर्वापर करताना माझी एक अट आहे. त्याच्यावर गोंद, चमकी, थर्माकोल आणि ऑइलपेंट थापून शोभेची वस्तू करू नये. असली वस्तू दोन महिने कपाटावर धूळ खाते आणि नंतर ती ना शोभेची राहते ना भंगाराची, कारण चिकटलेला धातू कोणी घेत नाही. हस्तकलेच्या तासाला हे जरा कठोर वाटेल, पण चांगल्या धातूचा कचरा करण्याला कला म्हणणे मला पटत नाही.

उठावाचे काम मात्र जरूर करावे. देवळाच्या गाभाऱ्याच्या दारावर किंवा मूर्तीमागच्या प्रभावळीवर चांदीच्या पत्र्यात वेलबुट्टी उठवलेली तुम्ही पाहिली असेल. तोच प्रकार डब्याच्या तळाच्या पत्र्यावर करता येतो. तळ कापून घ्या, वर्तमानपत्राच्या जाड घडीवर ठेवा आणि शाई संपलेल्या बॉलपेनने दाबून चित्र काढा. पत्रा उलटला की रेघा वर आलेल्या दिसतात. अक्षरे काढायची असतील तर उलटी काढावी लागतात, आणि पहिल्या प्रयत्नात 'क' हमखास चुकतो. कापलेली कड ब्लेडसारखी असते. कात्री मोठ्यांनी चालवावी आणि कड आत दुमडून चमच्याच्या दांड्याने घोटून घ्यावी. अशा पट्ट्यांवर झाडांची नावे कोरून शाळेच्या बागेत लावता येतील. आपल्याकडच्या पावसात कागद आणि शाई आठवडाभरही टिकत नाही, दाबून काढलेले अक्षर टिकते.

आता पालकांसाठी, विशेषतः आयांसाठी, एक उपयोग. काळवंडलेली चांदीची निरांजने आणि वाट्या डब्यात अशा ठेवा की त्यांचा ॲल्युमिनियमशी स्पर्श होईल. वरून कढत पाणी, चमचाभर खाण्याचा सोडा आणि थोडे मीठ घाला. काही मिनिटांत काळपटपणा उतरू लागतो. चांदीवरचा काळा थर म्हणजे हवेतील गंधकाशी झालेला संयोग. ॲल्युमिनियम अधिक क्रियाशील, म्हणून गंधक चांदीला सोडते आणि चांदी मूळ रूपात परत येते. पावडरने घासताना चांदी थोडी झिजते, येथे झिजत नाही. किंचित कुजक्या अंड्यासारखा वास येईल, खिडकी उघडी ठेवा. खडे बसवलेले किंवा मुद्दाम काळसर छटा दिलेले दागिने मात्र यात घालू नयेत. आठवी-नववीच्या मुलांनी हा प्रयोग घरी एकदा तरी पाहावा. रसायनशास्त्राचा धडा देवघरात समजेल.

लहान मुलांसाठी डब्याची होडी करावी. बऱ्याच डब्यांवर किती मिलिलिटर मावते ते छापलेले असते, समजा ४५०. डबा बादलीत तरंगत ठेवून त्यात एकेक गोटी अलगद ठेवत जा. बुडाल्यावर गोट्यांचे वजन करा. ते साडेचारशे ग्रॅमच्या जवळपास येते, कारण काठापर्यंत बुडलेला डबा तेवढेच पाणी बाजूला सारतो. मग तोच डबा हातोडीने ठोकून घट्ट गोळा करा आणि पाण्यात टाका. धातू तोच, वजन तेच, पण तळाला जातो. टाकाऊ वस्तूंतून विज्ञान शिकवणारे अरविंद गुप्ता आयुष्यभर हेच दाखवत आले : महाग साहित्य नसले तरी प्रयोग अडत नाही.

तळाला खिळ्याने भोके पाडून मेथी किंवा कोथिंबीर पेरता येते. शेतात पाखरे उडवायला दोरीला टांगलेले तुकडे चालतात, पण जागा बदलत राहावी लागते. पाखरे चार दिवसांत ओळखतात.

एक गोष्ट करू नये. धुतलेल्या डब्यात पुन्हा आमटी, सार, लोणचे किंवा दही ठेवू नये. ॲल्युमिनियमवर ऑक्साइडचा अतिशय पातळ थर असतो आणि तोच धातूचे रक्षण करतो. चिंच, कोकम, टोमॅटो आणि मीठ तो थर खातात आणि धातू अन्नात उतरू लागतो. घासणीने ओरखडे पडलेल्या डब्यात हे लवकर होते. कोरडे शेंगदाणे किंवा पोळी थोडा वेळ ठेवायला हरकत नाही.

सर्व उपयोग संपल्यावर डबा भंगारात द्यावा, पण सुटा नव्हे. पातळ पत्रा भट्टीत वितळण्याआधीच पुष्कळसा जळून राख होतो. घट्ट दाबलेल्या गोळ्यात नुकसान कमी होते. म्हणून डबे विसळून, वाळवून, एकात एक दाबत क्रिकेटच्या चेंडूएवढे गोळे करावेत. विश्वस्तांना विनंती की, पुढच्या स्नेहसंमेलनात हात धुण्याच्या जागेजवळ यासाठी वेगळे पिंप ठेवावे. डब्यांची पुठ्ठ्याची झाकणे त्यात टाकू नयेत. त्यांना आतून चंदेरी अस्तर असते, ती रद्दीतही चालत नाहीत आणि धातूतही नाही.